गाण्यांची झडती

पिपरी मेघे कुठे संपते आणि वर्धा कुठे सुरू होते, हे आता पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. सिंदी, बोरगाव, सावंगी, उमरी, पिपरी, अशी ‘मेघे’ लागलेली गावं शहराला येऊन चिकटली. वावरांचे प्लॉट पडले, प्लॉटांवर घरं झाली. ज्या बाया इथे निंदणाला जायच्या, त्यांच्या नाती आता नर्सिंग शिकतात. फार चांगलं झालं. पण वावर गेलं तसं वावरातलं गाणंही गेलं. जमीन हातची गेली की सातबाऱ्यावर फेरफार चढतो. गाणं गेलं तर कुठल्याच कागदावर काही चढत नाही. म्हणून ही यादी.

यादी इथली असली तरी तिच्यात मिसिसिपीचं नाव पुन्हापुन्हा येईल. तिथेही कापूस, तिथेही उधारी, आणि तिथल्या कापूस वेचणाऱ्या काळ्या माणसांनी त्यातून जे गाणं उभं केलं त्याला जग ब्लूज म्हणतं.

भाव

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. दक्षिणेतला कापूस बंदरातच अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंगणघाटचा, वऱ्हाडचा कापूस हवासा झाला. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपुरातून वेगळा निघाला, पालकवाडीच्या जागी वर्धा शहर १८६६ मध्ये वसलं, १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली. युद्ध संपलं तसा भाव कोसळला. तिकडे गुलामगिरी कायद्यानं गेली, पण सुटलेली माणसं मालकाच्याच जमिनीवर बटईनं राबू लागली. बियाणं उधार, मीठपीठ उधार, हिशेबाची वही मालकाकडे. त्यांच्या मुला-नातवंडांच्या पिढीत, एकोणिसावं शतक सरता सरता, ब्लूज तयार झालं. त्या भावाचं एक टोक हिंगणघाटच्या बाजारात होतं आणि दुसरं मिसिसिपीच्या वावरात. दोन्ही टोकांना माणसं गात होती. एका टोकाचं गाणं ध्वनिमुद्रित झालं.

जातं

पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या. एकीनं ओवी उचलायची, दुसरीनं झेलायची. मधे खुंटा आणि चार हात. सासर, भाऊ, माहेराची वाट, मेलेलं लेकरू, नवऱ्याचा मार, पंढरीचा देव, सगळं त्या दगडाला सांगायचं. माणसाला सांगायची सोय नव्हती. पिठाची गिरणी आली आणि ओवी तोंडातून गेली. जातं परत यावं असं कोणतीच बाई म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. दळणाचे ते तास बाईच्या झोपेतून कापलेले होते.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून या ओव्या जमवल्या. संग्रह सुमारे १,१०,००० ओव्यांचा झाला. त्यांनी ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गावही टिपलं. हे काम मला ओव्यांइतकंच मोठं वाटतं. ‘पारंपरिक’ असा शिक्का मारला की गाणाऱ्या बाईचा गळा, तिची जोडलेली ओळ, तिचं दुःख सगळं कोणाचंच नाही असं होऊन जातं. त्या संग्रहाचा मोठा भाग पुणे जिल्ह्यातला आहे. आर्वीकडच्या, समुद्रपूरकडच्या बाया इतक्याच गात होत्या.

आता जातं लग्नाच्या आदल्या दिवशी बाहेर निघतं, हळदीपुरतं. पाच सवाष्णी हात लावतात, फोटो होतो. ओवी येणारी एखादी म्हातारी असली तर तिला पुढे ढकलतात. ती दोन म्हणते आणि थांबते, कारण झेलणारी समोर नसते.

सरता

तिफणीमागे सरता, म्हणजे दाणा सोडायची नळी, धरून चालणारी बाई मुठीतून दाणा सोडायची. पाऊल, दाणा, पाऊल, दाणा. गाण्याची लय पायांनी ठरायची. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रामागे चालावं लागत नाही. विठ्ठल वाघांच्या कवितेमुळे आणि ‘अरे संसार संसार’ या चित्रपटामुळे तिफण निदान शब्द म्हणून राज्यभर माहीत राहिली. सरत्याच्या वाट्याला तेही आलं नाही.

सीतादही

कापसाच्या पहिल्या वेच्याआधी वावरात दहीभात ठेवून केलेली पूजा. मग बाया ओटे बांधून ओळीनं तासाला लागायच्या. अजून काही घरं करतात. ओळीतलं गाणं मात्र मोबाइलवर वाजतं.

डफडं

लाकडी कड्यावर ताणलेलं चामडं, दोन काड्या. वाजवण्याआधी काड्याकचऱ्याचा जाळ करायचा आणि चामडं शेकून ताणायचं. थंड डफडं बद्द बोलतं, शेकलेलं डफडं तीन वावरं ओलांडून जातं. पोळा, लग्न, मयत, दवंडी, देवीचा जोगवा, प्रत्येकाची चाल वेगळी. ऐकणाऱ्याला घरात बसून कळायचं की बाहेर काय चाललं आहे.

हे डफडं महार-मांग वस्तीच्या गळ्यात गावकीनं अडकवलं होतं. वाजवणं आवडतं का, हे कोणी विचारलेलं नव्हतं. मोबदला म्हणजे उरलेलं अन्न आणि सुगीला चार पायल्या धान्य. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा झाली आणि त्यानंतर अनेक वस्त्यांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, डफडं वाजवणंही सोडलं. तो निर्णय बरोबर होता. जी कला नाकारायची मुभा नाही, ती कला म्हणून मिरवण्याचा हक्क गावाला नाही. डफडं कमी झालं म्हणून हळहळणाऱ्यांनी हे आधी कबूल केलं पाहिजे, मग पुढचं बोलावं.

पुढचं असं, की चाली मात्र सुंदर होत्या. आणि त्या पूर्ण गेल्या नाहीत. मातंग वस्तीतली पोरं आता पथक करून, सुपारी ठरवून, इसार घेऊन वाजवायला जातात. दर त्यांचा, वेळ त्यांची, नको वाटलं तर नकार त्यांचा. डीजेच्या भिंतीपुढे त्यांचा आवाज टिकत नाही हे खरं, पण डीजे बंद करायला पोलीस आले की वरातीत तेच उरतात. यांतल्या जुन्या वाजवणाऱ्यांना मयतीची चाल येते. ती ते शिकवत नाहीत, आणि का शिकवत नाहीत हे त्यांना विचारण्याची गरज नाही.

मिसिसिपीत ओथर टर्नर नावाचा शेतकरी होता. वेताची बासरी स्वतः कापून, भोकं पाडून वाजवायचा, सोबत ढोल. दर वर्षी आपल्या अंगणात बकरं कापून जेवण घालायचा आणि रात्रभर वाजवायचा. ब्लूजच्याही आधीची ती वाजवण्याची रीत. तो २००३ मध्ये, नव्वदी ओलांडून गेला. त्याची नात शार्डे थॉमस तेव्हा शाळकरी होती, पण बासरी आजोबांकडून शिकलेली होती. पुढे तिनंच पथक चालवलं. एक अंगण आणि एक नात, एवढ्यावर ते तगलं. आपल्याकडे डफड्याला अंगण मिळालं ते दुसऱ्याचं, मालकाचं.

तुणतुणं

एक तार, एक पोकळ लाकूड, खाली चामडं. गोंधळ्याच्या मागे उभा असलेला माणूस ते छेडत राहतो आणि कोणी त्याच्याकडे पाहत नाही. संबळाला नाव, गोंधळ्याला बिदागी, तुणतुण्याला म्हणी.

लुइझियानातल्या बटईदाराच्या घरात १९३६ मध्ये जन्मलेल्या बडी गायनं पोरपणी घरच्या घरी तारा ताणून वाद्य केलं होतं. त्या भागातली पोरं झाडूची तार काढून भिंतीवर खिळ्यांनी ठोकायची आणि बाटली फिरवून सूर काढायची. ब्लूजचे कितीतरी वादक अशा एकतारी भिंतीवर शिकले. तोच बडी गाय २०११ मध्ये मुंबईला आला, बांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूजचा महोत्सव सुरू झाला तेव्हा. लोकांनी तिकिटं काढून ऐकलं, आणि ऐकण्यासारखंच आहे ते. कापसाच्या वावरातून निघालेली एक तार शिकागोमार्गे मुंबईच्या मंचावर पोचली याचा मला आनंद आहे. गोंधळ्यामागच्या माणसालाही कोणी एकदा पुढे उभं करून, बाकी सगळं थांबवून, नुसतं तुणतुणं ऐकावं एवढीच इच्छा.

किंगरी

परधानांचं वाद्य. तीन तारा, गज, मांडीवर टेकवून वाजवायचं. गोंडांच्या घरी जाऊन त्यांच्या कुळांच्या, देवांच्या, पेनांच्या कथा गायच्या. घरानं धान्य द्यायचं, गाय द्यायची. देणारे हात आखडले तसे गाणारे रोजगाराला लागले. मध्य प्रदेशातल्या परधान घराण्यांपैकी जनगढसिंह श्याम हा तरुण भोपाळच्या भारत भवनात पोचला आणि त्याच्या हातून त्या कथा चित्रांत उतरल्या. चित्रं जगभर गेली. वाद्य मागे राहिलं.

भुलाबाई

भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, घरोघर, टिपऱ्या आणि खिरापत. गाणी संपली की डबा वाजवून ओळखायचं, आत काय. फ्लॅटच्या जिन्यांवरही हे होऊ शकतं. काही ठिकाणी होतं. शिकवणीचे वर्ग संध्याकाळी असतात, अडचण तेवढीच आहे.

खंजेरी

हिचं नाव मोडीच्या यादीत घालू नये असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण यादीत काय उरलं तेही लिहावं लागतं.

तुकडोजी महाराज १९०९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला जन्मले. हातात खंजेरी, तोंडी स्वतःचं भजन, मराठीही आणि हिंदीही. खंजेरी म्हणजे वीतभर कड्यावर चामडं आणि भोवती झांजा. एका हातानं धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजते, बाजा उचलायला दुसरा माणूस लागत नाही. चालत गावात शिरलं आणि पारावर बसलं की कार्यक्रम सुरू. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज उभं राहिलं, १९३६ मध्ये महाराज गांधीजींजवळ सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहून गेले. गावाला झाडून घ्या, दारू सोडा, अस्पृश्यता मोडा, एकत्र बसून प्रार्थना करा, हे सगळं त्यांनी ठेक्यात सांगितलं. व्याख्यान ऐकून माणूस घरी जातो, ठेका त्याच्यासोबत घरी जातो.

किती आत जातो, ते १९४२ च्या ऑगस्टमध्ये दिसलं. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, आपल्याच जिल्ह्यातलं आष्टी आणि चंद्रपूरकडचं चिमूर पेटलं. आष्टीत लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले, गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं गेली. या गावांच्या तोंडी महाराजांची भजनं होती, हे सरकारलाही ठाऊक होतं. त्याच महिन्यात त्यांना अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं, डिसेंबरात सोडलं. वीतभर कड्याचं वाद्य वाजवणाऱ्या माणसाला तुरुंगात टाकावं लागलं, यापेक्षा वाद्याची मोठी पावती कोणती?

महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. अजूनही पुण्यतिथीला मोझरीत दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी लाखो माणसं जिथल्या तिथे उभी राहून मौन पाळतात. गावोगावची गुरुदेव सेवा मंडळं संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना घेतात. खंजेरी भजनाच्या स्पर्धा होतात. पुरुषांची मंडळं, महिलांची मंडळं, एकसारखे फेटे, एकसारख्या साड्या. कापूस वेचून आलेल्या बाया रात्री दोन वाजता आपली पाळी येईपर्यंत थांबतात आणि उभं राहून, फेर धरून, खंजेरी वर फेकून झेलतात. कोणत्याही शाळेत न शिकलेली ही तालीम आहे, आणि तालात त्या चुकत नाहीत. मिसिसिपीतल्या चर्चमध्ये बायांनी ब्लूजची बहीण असलेली भक्तिगीतं जशी जपली, तसं हे आहे. वाद्य सोपं, गट मोठा, आणि दर आठवड्याला भेटण्याचं निमित्त. टिकण्याला एवढं लागतं.

यात जुनं एक हरवत चाललं आहे. परीक्षकांपुढे वेळ बांधलेली असते, म्हणून एकट्या माणसानं खंजेरीवर रात्र काढण्याची ती जुनी ऐसपैस रीत स्पर्धेत बसत नाही. दोन भजनांमध्ये थांबून गावातल्या सावकाराला, सरपंचाला नाव घेऊन विचारणं, हसवता हसवता डोळ्यांत पाणी आणणं, मग पुन्हा ठेका धरणं. ते करणारी माणसं अजून आहेत. त्यांची पाळी स्पर्धेत लागत नाही.

एक बैठक

१९३६ च्या फेब्रुवारीत हॉवर्ड थर्मन आणि स्यू बेली थर्मन हे काळं अमेरिकन जोडपं बारडोलीला गांधीजींना भेटलं. बोलणं संपताना गांधीजींनी गाणं म्हणायला सांगितलं आणि त्यांनी गुलामीच्या काळातली दोन भक्तिगीतं म्हटली. त्याच वर्षाच्या अखेरीला बेंजामिन मेज आणि चॅनिंग टोबायस वर्ध्याला आले. मेज यांचे आईवडील जन्मानं गुलाम होते. ते स्वतः दक्षिण कॅरोलिनाच्या कापसात राबत वाढले होते. पुढे मोरहाउस कॉलेजचे ते अध्यक्ष झाले आणि मार्टिन ल्यूथर किंग त्यांचे विद्यार्थी. कापूस वेचून मोठा झालेला माणूस कापसाच्या जिल्ह्यात, सूत कातणाऱ्या माणसाशी अहिंसेवर बोलायला आला होता. दोन्ही भेटींतलं बोलणं ‘हरिजन’मध्ये छापलं गेलं, म्हणून आज ते आपल्याला वाचता येतं. सेगावच्या बाया त्या डिसेंबरात कोणत्या वावरात वेचत होत्या आणि काय गात होत्या, ते टिपायला कोणी बसलं नव्हतं.

बोंडअळीचं गाणं

बोंड पोखरणारा भुंगा १८९२ च्या सुमारास मेक्सिकोतून टेक्ससात शिरला आणि एकेक राज्य खात मिसिसिपीत पोचला. त्यावर गाणी झाली. चार्ली पॅटननं १९२९ मध्ये त्या किड्यावरचं एक गाणं ध्वनिमुद्रित केलं. गाण्यात किडा बोलतो, घर शोधतो, शेतकऱ्याला चिडवतो. पीक खाणाऱ्याला बोलतं करून माणसांनी आपली धास्ती हलकी केली.

आपल्याकडे २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं बीटीला न जुमानता बोंडं आतून पोखरली. वर्ध्यात, यवतमाळात लोकांनी उभ्या कपाशीत रोटावेटर घातला, जनावरं सोडली. त्याच हंगामात यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर मेले. त्यावर बातम्या आल्या, समित्या आल्या, अर्ज भरून घेतले गेले. जिल्ह्याच्या तोंडी बसेल असं बोंडअळीचं गाणं मात्र माझ्या कानावर आलं नाही. वीस लोक ओळीनं वेचायला बसले असते, आणि कानात मोबाइल नसता, तर ते झालं असतं असं मला वाटतं. या यादीतली ही एकच वस्तू अशी, जी कधी नव्हतीच.

कॅसेट

१९४१ मध्ये अॅलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क हे अवजड यंत्र घेऊन मिसिसिपीच्या स्टोव्हॉल मळ्यावर गेले. तिथे मकिन्ली मॉर्गनफील्ड नावाच्या शेतमजुरानं गाऊन दाखवलं आणि आपलाच आवाज तबकडीतून ऐकला. दोन वर्षांनी तो शिकागोला गेला. जग त्याला मडी वॉटर्स म्हणून ओळखतं. १९४४ मध्ये तिथूनच जवळच्या हॉप्सन मळ्यावर पेरणीपासून गाठीपर्यंत सगळा कापूस पहिल्यांदा यंत्रानं निघाला. वेचणाऱ्यांची गरज संपली, लाखो माणसं उत्तरेला निघून गेली, आणि गाणं त्यांच्यासोबत गेलं, कारण तोवर ते काम सोडून एकटं उभं राहायला शिकलं होतं.

आपलं ध्वनिमुद्रण आलं ते ऐंशीच्या दशकात, कॅसेटमधून. भजनं, भीमगीतं, लग्नातली गाणी. बसस्टँडजवळच्या दुकानात फळीभर असायची. आता टेप ताणली गेली आहे, चालवायला यंत्र नाही, आणि वेष्टनावर गाणाऱ्याचं आडनावासकट नाव ‘आणि पार्टी’ एवढाच उल्लेख. ढोलकी कोणाची, कोरसमध्ये कोण, काही नाही. ज्यांच्या घरी अशा कॅसेट पडून आहेत त्यांनी त्या भंगारात देऊ नयेत, इतकं कळकळीनं सांगावंसं वाटतं.

दुय्यम

डिसेंबर ते एप्रिल, बुद्धविहाराच्या पटांगणात दोन गायन पार्ट्या समोरासमोर, हा दुय्यम. हार्मोनियम, ढोलक, बेंजो, आता कीबोर्ड. एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं त्याच चालीत उत्तर. नागपूरच्या नागोराव पाटणकरांनी कव्वालीचा हा बाज बाबासाहेबांच्या गाण्याला दिला. नाशिककडच्या वामनदादा कर्डकांची गाणी इकडच्या प्रत्येक पार्टीच्या वहीत आहेत. दिवसा रंगकाम करणारा, ऑटो चालवणारा माणूस रात्री शेरवानी घालून बसतो आणि पहाटेपर्यंत एकाच माणसाच्या उपकाराबद्दल गातो. त्यात दुःख आहे, पण रडणं नाही. ताठ मानेनं सांगितलेला इतिहास आहे. विदर्भात ब्लूज दाखव म्हणून कोणी हात धरला, तर मी त्याला या पटांगणात नेईन. ही वस्तू विरत चाललेली नाही. फक्त बेंजो वाजवणारे म्हातारे झाले आहेत आणि त्यांच्यामागे कीबोर्डवाले आहेत.

झडती

श्रावणातल्या अमावास्येला आखरावर तोरण बांधतात. बैल रंगवून ओळीनं उभे. मग एकेक जण पुढे येऊन झडती म्हणतो. यमकाला यमक जोडत, ज्याची खोड काढायची त्याची काढत, आणि शेवटी महादेवाच्या नावानं सगळ्यांची आरोळी. झडतीला विषयाची मनाई नाही. कापसाचा भाव, खताचं पोतं, सावकार, बँकेचा साहेब, कर्जमाफीची यादी, निवडून गेलेला आमदार. अर्ज करून जे विचारता येत नाही ते तोरणाखाली विचारता येतं. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. सिंदी रेल्वेला तर लाकडी बैलांची जत्राच भरते, आणि पोरं तिथे शिकलेली झडती म्हणतात.

बैल कमी झाले. काही गावांत तोरणाखाली ट्रॅक्टर धुऊन, हार घालून उभे करतात. मला ते गैर वाटत नाही. कसणारा तो आहे, पुजावा. ट्रॅक्टरपुढेही झडती म्हणतात आणि तिच्यात डिझेल येतं, हप्ता येतो. ज्याला नवी झडती जोडता येते असा एखादा माणूस बहुतेक गावांत अजून आहे. पोळ्याच्या आठ दिवस आधीपासून लोक त्याला विचारू लागतात, यंदा काय.

त्याचे व्हिडिओ आता निघतात, गटागटांवर फिरतात. खाली कोणी हसण्याचं चिन्ह टाकतं, कोणी हात जोडतं. झडती जोडणाऱ्याचं नाव, गाव आणि साल मात्र कोणी टाकत नाही.

येत्या पोळ्याला जो मोबाइल धरेल त्यानं आधी एवढं विचारून घ्यावं: नाव काय, गाव कोणतं, ही झडती स्वतः जोडली की कोणाकडून घेतली, आणि घेतली असेल तर तो कोण.